दस्तीखालचा भाव

जगातलं कोणतंही घर माझ्या व्याह्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटापुढे टिकलेलं नाही. ते बोट वाकवून भिंतीवर टकटक करतात, मान तिरपी करून आवाज ऐकतात आणि तिथल्या तिथं निकाल देतात. "भरीव" किंवा "पोकळ". तिसरा निकाल त्यांच्याकडे नाही. दुबईतल्या उंच इमारती, जपानमधली खुराड्याएवढी घरं, कॅनडातले दुमजली बंगले, सगळे या बोटाखालून गेले आणि बहुतेक नापास झाले. लग्नाला गेले तरी मांडवात शिरायच्या आधी कार्यालयाची भिंत वाजवतात. एकदा त्यांना तापात दवाखान्यात ठेवलं होतं. एका हाताला सलाईन, तर मोकळ्या हातानं खाटेमागची भिंत वाजवून नर्सला म्हणाले, "बाई, हा भाग मागून बांधलेला हाय. आन् घाईत बांधलेला हाय." नर्सनं धावत जाऊन डॉक्टरला आणलं. तिला वाटलं, ताप डोक्यात गेला. ताप कसला, तब्येत सुधारल्याची ती खूण होती.

हे व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि ते मला ईनबाई म्हणतात. मी नांदेडची, ते औशाचे. औशाच्या बाजारात त्यांचं आडतीचं दुकान होतं. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि मधे आपली आडत घ्यायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. पोत्यात हात घालून मूठभर सोयाबीन काढायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे आणि त्यात ओल किती, माती किती, शेतकरी खोटं किती बोलतोय, सगळं सांगायचे. दुकान बंद झालं, पण पारखायची खोड गेली नाही. ती घरांवर आली. भिंत वाजवायचं वेड मात्र बाजारातलं नाही, ते भूकंपाचं आहे. लातूरकडे तो मोठा भूकंप झाला तेव्हा त्यांचं घर उभं राहिलं, पण पुढं कितीतरी महिने ते अंगणातच झोपले. रोज सकाळी आत जायच्या आधी भिंत वाजवून बघायचे. हळूहळू सगळ्या गावाची भीती गेली, लोक आत झोपायला लागले. यांचं बोट तेवढं वाकलेलंच राहिलं. याची मी कधी थट्टा केली नाही. बाकी सगळ्याची केली.

आता गंमत बघा. जगभरची घरं पारखणाऱ्या या माणसाला स्वतःचं घर नाही. बायको गेल्यावर, थोरल्या मुलाला जपानात फ्लॅट घ्यायचा होता म्हणून त्यांनी औशाचं घर विकलं आणि पैसे धाडून दिले. तेव्हापासून लातूरला तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतात. पुढं जपानला गेले तेव्हा मुलानं सांगितलं, की इथं जागेला किंमत असते, बांधलेलं घर मात्र जसं जुनं होतं तसं स्वस्त होत जातं, आणि फार म्हातारं झालं की कोणी विचारत नाही. हे ऐकून इवाई दोन दिवस नीट जेवले नाहीत म्हणे. परत आल्यावर मला म्हणाले, "ईनबाई, माझं औशाचं घर तिकडं दरसाल झिजून राहिलंय बगा." मी म्हटलं, "चहा घ्या." दुसरं काय म्हणणार?

पैशाच्या बाबतीत ते डॉलर, दिरम, येन काही मानत नाहीत. सगळ्या घरांचा भाव ते सोयाबीनच्या पोत्यांत करतात. त्यांचं म्हणणं असं, की रुपया वर-खाली होतो, डॉलर वर-खाली होतो, सोयाबीनही होतं, पण सोयाबीन निदान डोळ्यांना दिसतं. दुबईत पुतण्या राहतो त्या फ्लॅटचा भाव ऐकून त्यांनी मनातल्या मनात ट्रक मोजले आणि म्हणाले, "एवढी पोती घातली तर ह्या खोलीत मावायची न्हाईत." आणि तेच त्यांचं माप. घराच्या किमतीची पोती त्या घरात मावली पाहिजेत. नाही मावली तर घर महाग. मी चौथी शिकलेली बाई, पण या मापात मला कुठं खोट दिसली नाही. माझ्या कॉलेज शिकलेल्या मुलालाही दिसली नाही. तो फक्त हसला.

दुबईतलं घर त्यांनी आणखी एका कारणानं नापास केलं. भिंत भरीव निघाली, फरशी आरशासारखी होती, पण खिडकी उघडेना. पुतण्या म्हणाला, "काका, ती उघडायची नसतेच." मग यांनी खालच्या पहारेकऱ्याला गाठून विचारलं, की पापड, कुरडया वाळवायला गच्ची कुठल्या मजल्यावर आहे. पहारेकरी केरळचा होता. त्याला प्रश्न कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर त्याचे डोळे भरून आले, असं इवाई सांगतात. मला ते खरं वाटत नाही. पण "गच्ची न्हाई, खिडकी उघडत न्हाई, ते घर न्हाई, कपाट हाय" हे त्यांचं बोलणं मात्र खरंच आहे.

जपानचं घर एवढं लहान, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती एकदम वाजवता आल्या. भिंत पोकळ. निकाल तोंडावर आला होता, तेवढ्यात जमीन हलली. कपाटातल्या बशा वाजल्या, टांगलेला दिवा झुलला. इवाई चपला न घालता दारापर्यंत पोचले होते. मागं वळून बघतात तर त्यांची जपानची सून भात वाढतेय आणि मुलगा मोबाइल बघतोय. घर कुरकुरलं, एकदा इकडं, एकदा तिकडं डुललं आणि गप्प उभं राहिलं. इवाई परत आले, त्यांनी भिंतीला हात जोडले. जगातल्या एवढ्या एका देशाला त्यांनी माफ केलं आहे. "पोकळ हाय," म्हणतात, "पण इमानदार हाय."

कॅनडाला आम्ही दोघं बरोबरच गेलो, नातू झाला तेव्हा. माझा मुलगा आणि सून तिथं एका जोडघरात राहतात. पाय ठेवल्या ठेवल्या इवायांनी भिंत वाजवली. डफासारखा आवाज आला. मग नखानं जरा खरवडून ते जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "खडू हाय." सून म्हणाली, "अप्पा, सगळ्या देशात अशीच घरं असतात इथं. आत लाकूड असतं." तर त्यांनी टकटक करत करत ते लाकूडही शोधून काढलं आणि त्या जागी पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवली. घर हललं तर माणसानं कुठं उभं राहायचं हे कळावं म्हणून. आम्ही परत निघालो तेव्हाही ती फुली तिथंच होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं, की सणाला घर धुतलेलं बरं. पोरं दोघंही बाहेर गेली होती. मी खाली नातवाला घेऊन बसले आणि इवायांनी वरच्या न्हाणीघरात दोन बादल्या पाणी ओतून खराट्यासारखा एक ब्रश घेतला. आता मला सांगा, न्हाणीघर म्हटलं की त्याला मोरी असणार की नाही? कोपऱ्यात भोक असणार की नाही? तिथं नव्हतं. पाण्याला वाट दिसेना, तर त्यानं स्वतःच वाट काढली आणि ते माझ्यासमोरच्या सोफ्यावर छतातून टपटप पडायला लागलं. मी खालून ओरडले, "इवाई, पाणी आलं!" ते वरून म्हणाले, "कुठून?" मी म्हटलं, "तुमच्याकडून!" संध्याकाळी मुलगा आला, त्यानं छताला पडलेला पोपडा पाहिला आणि खाली बसला. दुसरा कोणी असता तर लाजला असता. इवाई म्हणाले, "जावईबापू, आधी मला सांगा, ज्या घराला दोन बादल्या पाणी सोसत न्हाई त्याला तुमी एवढी पोती कामून मोजली?" मुलगा ओला सोफा ओढून बाजूला करायला लागला. चूक यांची आणि जीत पण यांचीच, असा तो दिवस गेला.

तरी पोरांना त्याहून मोठं घर घ्यायचंच होतं. दर रविवारी आम्हाला घरं बघायला नेत. एका घरी दाखवणारी बाई फार हसतमुख. घर प्रचंड. चार न्हाणीघरं, मोरी एकातही नाही. बाईनं निघताना इवायांपुढं हात केला. इथं मला थोडं बाजारातलं सांगावं लागेल. पूर्वी आडत बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. विकणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकायचा, त्याला आम्ही दस्ती म्हणतो, आणि दस्तीखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. जितकी बोटं धरली तितका भाव. भोवती उभ्या माणसांना काही कळत नाही. विकायचंच नसेल तर माणूस दस्तीखाली मूठ मिटून ठेवतो. मग आडत्या दस्ती उचलतो आणि म्हणतो, "माल परत." का परत, कितीला परत, हे कोणी विचारायचं नाही आणि आडत्यानं जन्मात सांगायचं नाही. आता बाजारात हा प्रकार बंद झालाय, उघड बोली लागते. पण इवायांच्या खिशात ती मोठी पांढरी दस्ती असतेच. बाईनं हात पुढं केल्याबरोबर त्यांनी त्या हातावर दस्ती टाकली आणि खालून तिची दोन बोटं दाबली. बाईला वाटलं, हा जादूचा खेळ आहे. तिनं कौतुकानं दस्ती उचलली आणि आत काय निघालं ते वाकून पाहिलं. माझा मुलगा गाडीत जाऊन बसला. इवाई वाटेत मला म्हणाले, "भाव पाडला असता मी. बाईला बोटं वाचता येत न्हाईत, त्याला काय करावं?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या मोठ्या घरासाठी पैसे कमी पडत होते, आणि ते माझं घर विकून यायचे होते.

माझं घर नांदेडहून विष्णुपुरीच्या वाटेला आहे. तीन खोल्या, वर गच्ची, खाली शहाबादी फरशी. नवरा शाळेत शिपाई होता. त्याची नोकरी, माझी शिलाई, यांतून ते झालं. बांधताना सिमेंटच्या प्रत्येक घमेल्यामागं मी उभी राहिले. मिस्त्री चांगला होता, पण माझ्या तोंडाला कंटाळून म्हणायचा, "अम्मा, आप घर जाओ ना." मी म्हणायची, "हेच घर आहे, आणखी कुठं जाऊ?" स्लॅबवर मातीची आळी करून पाणी तुंबवलं, भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. त्याचा परिणाम असा झाला, की माझ्या भिंतीत खिळा जात नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला लटकवते. नवऱ्याचा फोटोही कपाटावर टेकवून ठेवलाय.

मुलगा म्हणाला, "आई, तू एकटी तिथं काय करणार? घर विकू, तू इकडं ये." त्याचं चुकत नव्हतं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण लागतं, आणि मला भिंत आवडते हे काय कारण झालं? गिऱ्हाईक मुलानं तिकडूनच शोधलं. आकडाही ठरवून माझ्याकडून पाठ करून घेतला. व्यवहारात गडबड नको म्हणून इवायांना लातूरहून बोलावलं. ते सकाळच्या एसटीनं आले, हातात तूरडाळीची पिशवी. माझ्या घरी ते आधी लग्नकार्यातच आले होते, माणसांच्या गर्दीत. त्या दिवशी घर मोकळं होतं. त्यांनी बोट वाकवलं, बैठकीची भिंत वाजवली आणि थांबले. परत वाजवली. मग स्वयंपाकघर, मग मागची खोली, मग जिना. मी चहा घेऊन मागं मागं. शेवटी बसले, पण निकाल दिला नाही. मला आश्चर्य वाटलं. एवढा गप्प बसणारा माणूस तो नाही.

गिऱ्हाईक आलं. तरुण, डोळ्यावर काळा चष्मा. त्याला तिथं कॉलेजच्या पोरांसाठी खोल्या काढायच्या होत्या. तो आत आलाच नाही. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकून जागा मोजली आणि म्हणाला, "चला, पक्कं करू."

मुलगा मोबाइलवर होता. मोबाइल मी अंगणाकडच्या खिडकीपाशी, ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

इवाई म्हणाले, "घर तर बगा आतून."

"पाडायचंच हाय की काका, बघून काय करू?"

"पाडायचं?" इवायांनी असं विचारलं जसं कोणी चांगली तूर उकिरड्यावर टाकायला निघालंय. "ह्ये घर?"

"जुनं झालंय. एका दिवसात पडंल."

"बरं," इवाई म्हणाले. "ईनबाई, हातोडी हाय का? आन् खिळे?"

मी दिले. त्यांनी त्या पोराला आत स्वयंपाकघरात आणलं आणि एक खिळा त्याच्या हातात ठेवला. "एक खिळा ठोका. गेला आत, तर पाडा घर. मी स्वतः तुमाला आकडा कमी करून देतो." पोरगा हसला. चष्मा काढला. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून साखरेच्या डब्यावर आपटला, कॅनडातून मुलगा म्हणाला, "काय चाललंय तिथं?" तिसऱ्याला पोरानं बाह्या मागं सारल्या. तो खिळा असा वाकला, की त्याला कपडे अडकवता आले असते. इवायांचा चेहरा त्या वेळी बघायला पाहिजे होता. लेकीच्या लग्नातही ते इतके खूश दिसले नव्हते. "दुबई बगितली, जपान बगितला, कॅनडात तर अंगठ्यानं खिळा दाबला तरी जातोय," ते म्हणाले. "एवढ्या जगात ह्ये एक घर हाय जे आतून-बाहेरून सारखं हाय. भरीव!"

निकाल लागला. मी पदरानं उगाच ओटा पुसला.

मुलगा सासऱ्यांना म्हणाला, "मामा, ते सगळं ठीक आहे. पण सौदा करा आता. आई, सांग आकडा."

इवाई म्हणाले, "सौदा रीतीनं व्हईल. मालकिणीचा भाव आधी." आणि त्यांनी खिशातून दस्ती काढून आपल्या हातावर पसरली. "या, ईनबाई."

माझ्या उभ्या आयुष्यात मी इवायांचा हात धरला नव्हता. आमच्यात ते बरं दिसत नाही. पण ते इवाई म्हणून उभे नव्हते, आडत्या म्हणून उभे होते. मी दस्तीखाली हात घातला. त्यांचा तळवा खडबडीत होता आणि त्यांची बोटं मोकळी होती, वाट बघत. आकडा मला पाठ होता. किती बोटं धरायची तेही ठाऊक होतं. मी मूठ मिटून घेतली.

त्यांनी एकदा खात्री करायला मूठ चाचपली. एखादं बोट सुटं आहे का बघितलं. नव्हतं. मग झटक्यात दस्ती उचलली आणि औशाच्या बाजारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माल परत! गाडी भरा!"

"आवं, पण आकडा तर सांगा," गिऱ्हाईक म्हणालं.

"दस्तीखालचं दस्तीखाली ऱ्हातं."

"मामा, आईनं किती सांगितले?" मुलगा मोबाइलमधून ओरडत होता. "आपलं ठरलं होतं तेवढेच ना?"

"जावईबापू," इवाई मोबाइलजवळ तोंड नेऊन शांतपणे म्हणाले, "तेवढी पोती तुमच्या अख्ख्या कॅनडात न्हाईत."

मुलगा काही दिवस रुसला. मग त्यांनी त्या प्रचंड घरापेक्षा जरा लहान घर घेतलं, आणि आता तोच म्हणतो की साफ करायला सोपं पडतं. तिथल्या न्हाणीघराला मोरी आहे का, हे मी फोनवर पहिलं विचारलं. नाही. मूठ मिटली होती हे त्याला आजपर्यंत माहीत नाही. त्याला वाटतं, आईनं लोभानं काहीतरी भयंकर आकडा सांगितला. वाटू दे. तो दर फोनला इवायांना विचारतो, आणि ते दर वेळी पोती वाढवून सांगतात.

आता इवाई वरचेवर येतात. भिंत वाजवतात, मान हलवतात, डाळीची पिशवी ठेवतात. वाकलेला तिसरा खिळा त्यांनी खिशात घालून नेला आणि लातूरला येईल त्याला दाखवतात.

मागच्या उन्हाळ्यात औशाला एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. परत बसस्टँडकडे येताना ते मुद्दाम वेगळ्या गल्लीनं वळले. एका घरासमोर थांबले. पुढच्या बाजूला दुकानाचं शटर बसवलं होतं, रंग दुसरा होता. त्यांनी रस्त्यावरूनच हात लांब करून कोपऱ्याची भिंत वाजवली आणि मान तिरपी केली. आतून एक माणूस आला. "कोन पाहिजे, काका?"

"कोणी न्हाई," इवाई म्हणाले. आणि मला म्हणाले, "भरीव हाय अजून."

"आहे ना," मी म्हटलं. "चला, बस जाईल."

ऊन फार होतं. त्यांनी खिशातून दस्ती काढली आणि तोंडावर धरली. घाम पुसायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ धरली. मी शटरकडे बघत उभी राहिले. दस्तीखाली काय होतं ते मी पाहिलं नाही आणि विचारलंही नाही.

सौद्याची रीत आता मलाही माहीत आहे.